आकडा बिघडला, की लॅब स्वच्छ झाली?

नमस्कार मॅडम,

मी एका तंत्रविद्यापीठात मटेरिअल्स विभागात पीएच.डी. करते. तिसरं वर्ष संपत आलंय. पाण्यापासून हायड्रोजन काढताना ऑक्सिजनच्या बाजूला जो उत्प्रेरक लागतो, तो माझा विषय. निकेल हायड्रॉक्साइडमध्ये थोडं टंगस्टन घालून मी तो बनवते. पहिल्या वर्षी दोन सॅम्पलनी १० मिलिअँपिअरला २४० मिलिव्होल्ट असा सुंदर आकडा दिला. सर खूश झाले, आकडा प्रकल्पाच्या प्रस्तावातही गेला. मग आमची लॅब नव्या इमारतीत हलली. इथे सगळं चकाचक आहे, काचेच्या जागी टेफ्लॉनचा सेल आहे, केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) बाटली जास्त शुद्ध ग्रेडची आहे. आणि माझा आकडा ३१०च्या खाली उतरायला तयार नाही. चौदा बॅचेस झाल्या. लोह वगैरे मिसळलं असेल का म्हणून एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) केलं, त्यात लोह नाही. सर म्हणतात, जुनाच डेटा घेऊन पेपर लिहून टाक, पुढचं पुढे. सर वाईट नाहीत, पण मला ते जमत नाहीये. माझा हातच बिघडलाय का? बॅटरीच्या लॅबमधल्या मैत्रिणीचे तीन पेपर आले. विषय बदलू का?

– तिसऱ्या वर्षाची

प्रिय तिसऱ्या वर्षाची,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी काळजी वाटली, दुसऱ्यांदा तुझ्या केओएचच्या बाटलीची. तुझा हात बिघडलेला नाही. मला दाट संशय आहे की नव्या इमारतीत तू आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ प्रयोग करते आहेस, आणि पहिल्या वर्षीचा तो सुंदर आकडा निकेलचाही नव्हता, टंगस्टनचाही नव्हता. तो लोहाचा होता.

या विषयाबाहेरचेही लोक हे सदर वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त द्यावे लागतात, आणि त्या जादा व्होल्टेजला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. पत्रातले २४० आणि ३१० हे तेच, जितके कमी तितका उत्प्रेरक चांगला. ऑक्सिजनची बाजू जास्त हट्टी असते, कारण एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन एकामागून एक ओढून घ्यावे लागतात. हिशेब असा पडतो की सेलमधला प्रत्येक जादा व्होल्ट किलोभर हायड्रोजनमागे २६.६ किलोवॅट-तास वीज खातो. तुझ्या २४० आणि ३१० मधले ७० मिलिव्होल्ट म्हणजे किलोमागे साधारण १.९ किलोवॅट-तास. एका किलोसाठी पन्नासच्या वर युनिट जाळणाऱ्या संयंत्राच्या दृष्टीने हे अगदीच किरकोळ नाही. सरांनी तो आकडा प्रस्तावात का घातला असेल, हे मला समजतं.

आता लोहाकडे वळू. १९८७ साली कॉरिगन यांनी दाखवून दिलं होतं की निकेल ऑक्साइडच्या पातळ थरात लोहाची अशुद्धी अगदी ०.०१ टक्का असली, तरी ऑक्सिजन सुटण्याचा वेग बदलतो. त्याच्याही कितीतरी आधीपासून निकेलच्या बॅटऱ्या बनवणारे लोक लोहाला विष म्हणत आले होते, कारण त्यामुळे चार्ज करताना वीज साठण्याऐवजी ऑक्सिजनचे बुडबुडे निघत. एका खोलीतलं विष शेजारच्या खोलीत औषध ठरलं, पण दोन खोल्यांतल्या लोकांचं आपसात बोलणं कमी. मग २०१४ मध्ये बोएचर यांच्या गटाने हिशेब चुकता केला. त्यांनी केओएचमधलं लोह कसून काढून टाकलं, आणि वर्षानुवर्षं निकेलच्या नावावर जमा होत आलेली बरीचशी कर्तबगारी एकदम नाहीशी झाली. निकेलचं हायड्रॉक्साइड केओएचमध्ये नुसतं ठेवलं, तरी ते द्रावातलं लोह शोषून घेतं आणि दिवसागणिक 'सुधारत' जातं. जुन्या पुस्तकांत याला एजिंग म्हणायचे. त्या एजिंगमागे मोठा हात लोहाचा होता.

एवढ्याशा लोहाने काय होणार, असं तुला वाटेल. कागद घे आणि गुणाकार कर. एक मोलर द्रावण म्हणजे लिटरला ५६ ग्रॅम केओएच. बाटलीवर लोहाची कमाल मर्यादा ०.००१ टक्का छापलेली असेल, तर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या थोडं वर लोह असू शकतं. सेलमध्ये ५० मिलिलिटर भरलंस, तर त्यात २८ मायक्रोग्रॅम. आता तुझ्या इलेक्ट्रोडवर उत्प्रेरक किती असतो? चौरस सेंटिमीटरला २०० मायक्रोग्रॅम धरू. म्हणजे सेलमध्ये जे लोह निवांत पोहतंय, ते तुझ्या उत्प्रेरकाच्या १४ टक्के आहे! ते सगळं काही चिकटणार नाही, पण निकेलमध्ये थोडे टक्के लोह शिरलं की उत्प्रेरकाचा वेग चढू लागतो, आणि पंचवीस टक्क्यांच्या आसपासपर्यंत चढत राहतो. आणि हा हिशेब फक्त बाटलीचा. काचेला केओएच हळूहळू खातो आणि काचेतलं लोह द्रावात येतं, ते वेगळंच. टेफ्लॉनचा सेल आणि शुद्ध बाटली यांचा उल्लेख तू पत्रात असा केलास, की जणू सोय वाढली तरी नशीब रुसलं. मी ते वाक्य वाचलं आणि खुर्चीत सरळ बसले.

राहिलं एक्सपीएस. तुमच्या यंत्रात क्ष-किरणांसाठी अॅल्युमिनिअमचा स्रोत असणार, बहुतेक ठिकाणी तोच असतो. त्या स्रोताने पाहिलं की निकेलच्या ऑगर रेषा (त्याचेच दुय्यम संकेत) नेमक्या लोहाच्या मुख्य रेषेच्या जागी येऊन बसतात. निकेलच्या सॅम्पलमध्ये थोडं लोह असेल, तर ते त्या गर्दीत दिसतच नाही. तेव्हा 'एक्सपीएसमध्ये लोह नाही' याचा अर्थ 'लोह नाही' असा होत नाही. त्यासाठी आयसीपी कर, म्हणजे सॅम्पल विरघळवून त्यातली मूलद्रव्यं मोजणारी चाचणी. पहिल्या वर्षीचं एखादं सॅम्पल खणात पडून असेल तर ते सोन्याच्या मोलाचं आहे. पण आयसीपीत सॅम्पल विरघळवावं लागतं, म्हणून आधी त्याचा अर्धा तुकडा कापून बाजूला ठेव. मी एकदा तसं केलं नव्हतं आणि त्याबद्दल अजूनही स्वतःवर चिडते.

पण सगळ्यात आधी, एकही नवं सॅम्पल न बनवता, तुझ्या लॅपटॉपमध्ये बघ. पहिल्या वर्षीच्या सीव्हीच्या (व्होल्टेज वर-खाली फिरवून प्रवाह मोजलेल्या आलेखांच्या) फाइल्स उघड आणि ऑक्सिजनचा प्रवाह सुरू होण्याआधी निकेलचा जो छोटा उंचवटा येतो तो बघ. लोह आत शिरलं की तो उंचवटा जास्त व्होल्टेजकडे सरकतो आणि आकाराने लहान होतो. जुन्या दोन सॅम्पलचे आणि नव्या चौदा बॅचेसचे आलेख एकावर एक ठेव. जुने उंचवटे उजवीकडे सरकलेले दिसले तर अर्धं उत्तर हाती आलं. याला पाऊण तास लागेल.

इथे मला थोडं थांबलं पाहिजे, कारण संशयाच्या बाबतीत मीही माणूसच आहे आणि लोह हा माझा आवडता संशयित आहे. ७० मिलिव्होल्ट हरवायला याहून कंटाळवाणे रस्तेही आहेत. तुझ्या सेलच्या द्रावाचा रोध ७ ओहम असेल आणि जुन्या लॅबमध्ये कुणी त्यात वाया जाणारं व्होल्टेज आकड्यातून पूर्ण वजा करत असेल, नव्या लॅबमध्ये करत नसेल, तर १० मिलिअँपिअरला बरोबर ७० मिलिव्होल्टचा फरक पडतो. लोहाची काही गरजच नाही. द्रावाचा पीएच १४ धरला आणि प्रत्यक्षात तो १३.७ असला, तर १८ मिलिव्होल्ट तिथेच गेले. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) म्हातारा झाला असेल तर तोही सरकतो, आणि कुणाला सांगून सरकत नाही. आणखी एक: २४० मिलिव्होल्ट म्हणजे १.४७ व्होल्ट, आणि निकेलचा तो उंचवटा साधारण १.३५ ते १.४५ च्या दरम्यान येतो. इलेक्ट्रोडवर माल जाड असेल, तर तू मोजलेले १० मिलिअँपिअर निकेलच्या स्वतःच्या ऑक्सिडेशनचे असू शकतात, ऑक्सिजनचे नाहीतच. म्हणून स्कॅनच्या चढत्या रेषेवरून आकडा वाचूच नकोस. १० मिलिअँपिअर स्थिर ठेव, दहा मिनिटं बस, मग वाच.

(जाता जाता: हे १० मिलिअँपिअर आले कुठून? सूर्यप्रकाशावर चालणारं, साधारण दहा-बारा टक्के कार्यक्षमतेचं पाणी-विघटन यंत्र धरलं की चौरस सेंटिमीटरला एवढा प्रवाह येतो. कारखान्यातले अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर काहीशे मिलिअँपिअरवर, ७० ते ९० अंश तापमानात आणि तुझ्यापेक्षा कितीतरी घट्ट केओएचमध्ये चालतात. तेव्हा सरांच्या प्रस्तावातल्या आकड्याला कारखान्याने नमस्कार केला असता, असंही नाही.)

आता पुढचे तीन आठवडे काय करायचं ते सांगते. शुद्ध निकेलच्या क्षारापासून निकेल हायड्रॉक्साइडचा साका बनव, नीट धू, आणि तो तुझ्या केओएचमध्ये घालून प्लॅस्टिकच्या बाटलीत चांगला हलवून रात्रभर ठेव. साका लोह पकडतो. सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण काढून घे. काचेची भांडी या टेबलाच्या आसपासही नकोत, ढवळायची काडीसुद्धा नको. या धुतलेल्या केओएचमध्ये दोन सॅम्पल तपास, एक टंगस्टनवालं आणि एक बिनटंगस्टनचं, साधं निकेल हायड्रॉक्साइड. हे दुसरं सॅम्पल तुझ्या पत्रात कुठेच दिसलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. तीन वर्षांत तू टंगस्टनची तुलना टंगस्टनशीच करत आलीस. मग त्याच सेलमध्ये लोहाचा क्षार अगदी थेंबाथेंबाने घाल, दर पायरीला मोज. आणि सॅम्पलच्या डब्यांवर क्रमांक ज्युनिअरकडून टाकून घे. कुठलं कुठलं आहे हे तुला मोजून झाल्यावर कळलं पाहिजे. आपले डोळे फार प्रामाणिक नसतात, आणि तिसऱ्या वर्षी तर नसतातच.

धुतलेल्या केओएचमध्ये आकडा ३१० च्याही वर चढला, तर घाबरू नकोस. तसं होईल असं मला जवळजवळ नक्की वाटतं. म्हणजे तुझे ३१०सुद्धा पूर्ण तुझे नव्हते, शुद्ध बाटलीतही लोह थोडं असतंच. त्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो २४० पेक्षा कितीतरी चांगला आहे: टंगस्टन असताना निकेल लोह जास्त पटकन शोषतं का? शोषलेलं लोह जास्त वेळ धरून ठेवतं का? चालू प्रवाहात लोह सुटून जातं ही या उत्प्रेरकांची मोठी अडचण आहे. टंगस्टनने त्यात काही फरक पडत असेल तर तुझ्या थिसिसचा गाभा तिथे आहे. पडत नसेल, तर तेही लिहिता येतं, फक्त जरा कमी उत्साहाने.

आणि हे सगळं करून शेवटी निघालं की कुणीतरी रोध दोनदा वजा केला होता, तर? तर त्यात काही दडलेलं रत्न नाही. प्रत्येक चुकीतून शोध लागतो असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत. बहुतेक चुका नुसत्या चुका असतात. तशी निघाली तर एक दिवस वाईट वाटून घे, डेटाच्या फोल्डरवर 'वापरू नये' असं लिही, आणि कामाला लाग.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, तुला जरा सोबत होईल. मी तुझ्या वयाची असताना आमच्या लॅबमध्ये हायड्रोजनच्या बाजूसाठी प्लॅटिनमविरहित उत्प्रेरक चालू होता. सॅम्पल जितका वेळ चालवावं तितकं सुधारत जायचं. आम्ही याला 'अॅक्टिव्हेशन' असं भारदस्त नाव दिलं आणि त्यावर एक आकृतीही काढली, बाणांसकट. समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमच्या तारेचा होता. ती तार विरघळत होती आणि आमच्या प्लॅटिनमविरहित उत्प्रेरकावर प्लॅटिनमचा मुलामा चढवत होती. हे एका पाहुण्याने जेमतेम दोन मिनिटांत ओळखलं. कार्बनची कांडी लावली आणि अॅक्टिव्हेशन थांबलं. तेव्हा खोलीत जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते. आज कुठलाही परीक्षक पहिल्याच फेरीत विचारतो, समोर प्लॅटिनम होतं का? तुझ्या विषयात तोच परीक्षक विचारेल, केओएच धुतला होता का?

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमधला एलके-९९ या पदार्थाचा गाजावाजा तुला आठवत असेल. खोलीच्या तापमानाला अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहू देणारा) म्हणून जगभर चर्चा झाली. मग काही आठवड्यांतच कळलं की रोध जिथे एकदम कोसळत होता ते १०४ अंश तापमान तांब्याच्या सल्फाइडचं होतं. बनवताना मागे राहिलेली अशुद्धी त्या तापमानाला आपली रचना बदलते, आणि आकडा पडतो. ते लोक काही लबाड नव्हते. हवा तो आकडा दिसल्यावर तो नेमका कुणाचा आहे, हे विचारायचं राहून गेलं.

आता सरांबद्दल. हा तुझ्या पत्रातला अवघड भाग आहे, आणि यासाठी माझ्याकडे साका धुण्याइतकी पक्की रीत नाही. संशय घेऊन त्यांच्याकडे जाऊ नकोस, आलेख घेऊन जा. 'सर, जुना डेटा चुकीचा वाटतोय' या वाक्याने माणूस बचावात जातो, कारण तो आकडा आता त्यांच्या सहीखाली कुठेतरी पडलेला आहे. त्याऐवजी सांग, 'सर, परीक्षक लोहाबद्दल विचारणारच. त्यांनी विचारायच्या आधी आपण तीन आठवड्यांत उत्तर तयार ठेवू.' हे खोटंही नाही आणि टोचणारंही नाही. दोन उंचवट्यांचे आलेख टेबलावर ठेव आणि गप्प बस. सर इलेक्ट्रोकेमिस्ट असतील तर उरलेलं त्यांना आलेखच सांगेल.

तरीही ते म्हणाले की जुन्या दोन सॅम्पलवर पेपर जाऊ दे, तर? मग तुझी अट एवढीच: पेपरमध्ये सोळाही बॅचेस दिसल्या पाहिजेत, नुसत्या दोन नाहीत. प्रत्येक ठिपका आलेखावर, आणि पद्धतीच्या परिच्छेदात जुनी बाटली, काचेचा सेल हे सगळं. सोळा ठिपक्यांचा आलेख पाहिला की बहुतेक गाईड स्वतःच म्हणतात, थांबू या. न म्हणाले तर विभागातल्या एखाद्या ज्येष्ठ, शांत माणसाशी बोल. तक्रार म्हणून नाही, सल्ला म्हणून. पहिलं नाव तुझं असणार आहे. पुढे कुणी ते सॅम्पल करून पाहिलं आणि झालं नाही, तर मेल तुला येईल, सरांना नाही. आणि प्रस्तावातल्या आकड्याचं ओझं तू घेऊ नकोस. प्रकल्पाच्या अहवालात 'पुढील तपासात असं आढळलं' असं लिहिता येतं, त्यासाठीच अहवाल असतात. ते सरांचं काम आहे.

मैत्रिणीच्या तीन पेपरांबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. बॅटरीच्या लॅबलाही त्यांचं लोह असतं. दर फेरीला ९९.९ टक्के चार्ज परत मिळतोय म्हणून खूश होणाऱ्याच्या सेलमध्ये, दर वेळी निसटणारं लिथियम कायमचंच गेलं असं धरलं, तर हजार फेऱ्यांनंतर ३७ टक्के उरतं. तिलाही तिच्या रात्री असतील, तुला फक्त पेपर दिसतात. विषय बदलायचा निर्णय आज घेऊ नकोस. तीन आठवड्यांनी, केओएच धुऊन झाल्यावर घे. तेव्हाही बदलावासा वाटला तर खुशाल बदल, पण मग तो कंटाळ्याने बदललेला असेल, भीतीने नाही. त्या दोन्हींत मी फरक करते.

एक राहिलं. जुन्या इमारतीतली खोली अजून पूर्ण रिकामी झाली नसेल तर आजच जाऊन ये. काचेचा सेल, स्टँड आणि विशेषतः इलेक्ट्रोड धरायची क्लिप. ती स्टीलची होती का, आणि तिचं टोक द्रावात बुडत होतं का, ते बघ. गंजलेली असेल तर पुसू नकोस, तशीच पिशवीत घालून तारीख लिही. आणि जुन्या केओएचच्या बाटलीच्या तळाला दोन-चार गोळ्या उरल्या असतील, तर सफाईवाल्यांच्या आधी तू पोहोच.